दीड हजार डॉलरमध्ये लांब पल्ल्याची रायफल आणि स्कोप: पहिल्या प्रॉन्गहॉर्नसाठी सल्ला हवा

कुडाळकर_फोर्टकॉलिन्स

नमस्कार मंडळी. मी मूळचा कुडाळ तालुक्यातला, गेली नऊ वर्षं कोलोराडोत फोर्ट कॉलिन्सला आहे. मागच्या वर्षी ग्रीन कार्ड हातात आलं, हिवाळ्यात हंटर एज्युकेशनचा कोर्स केला आणि यंदा शिकार-परवान्यांच्या ड्रॉमध्ये (सोडतीत) प्रॉन्गहॉर्न या हरणासारख्या जनावराच्या मादीचा टॅग, म्हणजे एक मादी मारायची परवानगी, लागला. ऑक्टोबरचा रायफल सीझन आहे, वेल्ड काउंटीच्या उत्तरेकडचं पॉनीचं गवताळ रान.

आमच्या आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी होती. निवडणूक लागली की ती पोत्यात गुंडाळून पोलिस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. परत आली की नळीतून तेलाचा बोळा फिरवायचं काम माझ्याकडे असे. पण चाप ओढायला त्यांनी मला कधी दिला नाही, आणि मी अकरावीला असताना ते गेले. त्यामुळे बंदुकीची ओळख आहे, नेमबाजीची नाही. इथे मित्राच्या रायफलीने 100 यार्डांवर तीनदा सराव केला, तेवढाच.

आता प्रश्न. माळ एकदम उघडा आहे. मित्र म्हणतो की ही जनावरं जवळ येऊच देत नाहीत, 400-500 यार्डांवरून मारायची तयारी ठेव. माझं बजेट सगळं मिळून 1500 डॉलर. रायफलीत रुगर अमेरिकन, सॅव्हेज ॲक्सिस आणि टिक्का टी3एक्स लाइट या तीन बघितल्या. काडतूस 6.5 क्रीडमोरचं घ्यावं की .308 चं? दुकानातल्या मुलाने 6-24 पॉवरचा, म्हणजे 6 ते 24 पट मोठं दाखवणारा, एक स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) दाखवला, 300 डॉलरच्या आत. त्यातून दुकानासमोरच्या रस्त्यापलीकडची पाटी स्वच्छ वाचता आली. पुढेमागे एल्कलाही (मोठ्या जातीचं हरीण) हीच रायफल वापरायची आहे. घरात मटण आवडीने खाणारी चार माणसं आहेत, म्हणून हा नुसता छंद नाही. कुणी अनुभवी असेल तर सविस्तर सांगा.

रॉलिन्सचा_वारा

कुडाळकर, टॅगबद्दल अभिनंदन. मी वाईचा, पण वायोमिंगमध्ये येऊन 27 वर्षं झाली. प्रॉन्गहॉर्नचे वीसेक टॅग भरलेत. तो 6-24 चा स्कोप घेऊ नका. का, ते सांगायला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. मला ती सांगायला आवडत नाही, पण तुम्ही नेमके त्याच वळणावर उभे आहात.

माझा चौथा सीझन होता, शर्ली बेसिनमध्ये. असाच एक 6-24 चा स्वस्त स्कोप मी बसवला होता. कंपनीचं नाव घेत नाही. उन्हाळाभर टरेट (स्कोपवरची, नेम वरखाली करायची चकती) फिरवून 400 यार्डांच्या पत्र्यावर गोळ्या मारल्या होत्या आणि मला वाटत होतं की आपल्याला जमलं. सकाळी साडेनऊला एक मादी आडवी उभी राहिली. रेंजफाइंडरने 380 दाखवले. टरेट फिरवला, श्वास सोडला, चाप ओढला. ती वाकली आणि कळपामागे धावत सुटली.

मी जागेवर गेलो तेव्हा सेजब्रशच्या राखाडी पानावर रक्ताचा एकच थेंब होता. पुढे वीस पावलं काही नाही. मग दोन थेंब, गडद, आणि त्यात चावलेल्या गवताचा हिरवट चोथा. ज्याने शिकार केलीये त्याला तो हिरवा रंग दिसला की पुढचं कळतं. गोळी छातीत नव्हती, पोटात होती. अंधार पडेपर्यंत माग काढला. दुसऱ्या दिवशी पहाटे परत गेलो. दुपारी कावळे उतरताना दिसले म्हणून ती सापडली. रात्रीतून कोल्ह्यांनी मागचा भाग संपवला होता, उरलेलं मांस वास मारत होतं. टॅग मी तिलाच लावला आणि त्या वर्षी परत रानात गेलो नाही.

घरी येऊन, आधी करायला हवी होती ती तपासणी मी तेव्हा केली. 100 यार्डांवर उंच पुठ्ठा उभा केला, ओळंबा लावून त्यावर सरळ उभी रेघ मारली, खालच्या टिंबावर तीन गोळ्या मारल्या. मग नेम त्याच टिंबावर ठेवून टरेट 20 एमओए (कोनाचं माप) वर फिरवला आणि परत तीन मारल्या. 100 यार्डांवर एक एमओए म्हणजे 1.047 इंच, तेव्हा गोळ्या 20.94 इंच वर लागायला हव्या होत्या. त्या लागल्या पावणेअठरा इंचांवर. म्हणजे त्या दिवशी शर्ली बेसिनमध्ये साधारण 3 इंच गोळी स्कोपने खाली नेली आणि 9 इंच वाऱ्याने मागे नेली, कारण माझ्या गालाला वारा लागत होता पाच मैलांचा आणि तिच्यापुढच्या ओघळीतून तो वाहत होता दुप्पट जोराने. 400 यार्डांचा पत्रा मी नेहमी सकाळी, वारा पडलेला असताना मारला होता, आणि गोळी खाली लागली की दोन क्लिक जास्त देऊन भागवलं होतं. स्कोप खोटं बोलत होता आणि ते खोटं मी स्वतःच झाकत होतो.

म्हणून आधी पल्ला ठरवा, रायफल मागाहून. पहिल्या वर्षी 300 यार्ड, त्यापुढे नाही. मित्राचं 500 सोडून द्या. आकडे असे आहेत. 6.5 क्रीडमोरची 143 ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची गोळी नळीतून सेकंदाला 2700 फुटांनी निघते. झिरो 200 यार्डांवर केला, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल असा स्कोप 200 ला जुळवला, तर 100 वर ती दोनेक इंच वर लागते, 300 वर 8 इंच खाली, 400 वर 22-23 इंच, 500 वर 45 च्या आसपास. ताशी 10 मैलांचा आडवा वारा असेल तर 300 वर ती पाच-साडेपाच इंच सरकते, 400 वर जवळजवळ 10. तुमच्याकडे पाच हजार फुटांवर हवा विरळ, त्यामुळे हे आकडे थोडे कमी होतील, पण पॉनीच्या माळावर 10 मैलांचा वारा म्हणजे शांत दिवस. प्रॉन्गहॉर्नच्या छातीत काळीज-फुप्फुसाची जागा आठ-नऊ इंचांची. 250 पर्यंत सरळ मधोमध धरा, 300 ला पाठीच्या रेषेवर धरा, टरेटला हात लावायची गरजच नाही.

आणि जवळ जाता येतं. माळ उघडा दिसतो पण तो सपाट नसतो. गाडीतून दिसत नाहीत अशा कमरेएवढ्या ओघळी त्यात असतात. त्यांची नजर फार तीक्ष्ण, म्हणून आकाशाच्या रेषेवर डोकं काढायचं नाही आणि शेवटचे दोनशे पावलं कोपरांवर सरकत जायचं. चामड्याचे हातमोजे आणि गुडघ्याचे पॅड घ्या. त्या गवतात काटेरी निवडुंग जमिनीलगत पसरलेला असतो आणि त्याची कुसं आठवडाभर निघत नाहीत. माझी मागची सहा जनावरं 140 ते 230 यार्डांच्या मधली आहेत.

स्कोप 3-9x40 पुरे, म्हणजे 3 ते 9 पट आणि समोरची काच 40 मिलिमीटरची. मी ल्यूपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम सांगेन, वजन 12 औंसांच्या आसपास. दुकानात 24 पॉवर सुंदर दिसते, कारण दुकानात दिवे असतात आणि पाटी हलत नाही. समोरची काच 50 मिलिमीटरची धरली तरी 24 वर डोळ्याकडे येणारं प्रकाशाचं वर्तुळ जेमतेम 2 मिलिमीटरचं. 3-9x40 मध्ये 9 वर ते साडेचार मिलिमीटरच्या जवळ. पहाटे फटफटताना हा फरक अंधार आणि उजेडाएवढा असतो. शिवाय ऊन चढलं की 24 वर सगळा माळ पाण्यासारखा लहरतो आणि जनावर चौकटीत शोधण्यातच वेळ जातो. पुढे मागे टरेट फिरवून मारायला शिकलात तर व्होर्टेक्सचा डायमंडबॅक टॅक्टिकल 4-16x44 या पैशात चांगला आहे. पण तो दीड पौंडाचा, आणि त्याचं रेटिकल (काचेतल्या नेमाच्या रेघा) पॉवर बदलली की लहानमोठं होणारं आहे. 4 पॉवरवर त्याच्या रेघा इतक्या बारीक होतात की झाडीत, अंधुक उजेडात दिसत नाहीत.

स्कोप रायफलीवर बसवायच्या रिंग आणि बेसवर कंजुषी करू नका. रिंगचे स्क्रू टॉर्कच्या पान्याने 15 ते 18 इंच-पाउंडांवर आवळा, हाताच्या अंदाजाने नको. ‘रायफल बिघडली’ म्हणून लोक माझ्याकडे येतात त्यातल्या अर्ध्याअधिक वेळा ढिला स्क्रू निघतो.

रायफल तुम्ही बघितलेल्या तिन्ही तुमच्यामाझ्यापेक्षा चांगल्या मारतात. टिक्का फिनलंडची, तिचा बोल्ट लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरतो. पण ती घेतली तर काडतुसांना पैसे उरणार नाहीत. ॲक्सिस सगळ्यांत स्वस्त, नळी चांगली, पण प्लॅस्टिकचा दस्ता पुढे लवचिक आहे. बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) भार दिला की तो नळीला टेकतो आणि नेम सरकतो. तुमच्या बजेटला रुगर अमेरिकन. 600 रायफल, 280 स्कोप, 80 रिंग-बेस, 180 साधा रेंजफाइंडर. 2025 च्या एप्रिलपासून कोलोराडोत बंदुका आणि काडतुसांवर 6.5 टक्के वेगळा कर लागलाय, तो आणि सेल्स टॅक्स धरून काडतुसांचे सहा-सात बॉक्स येतील. ते सगळे ऑक्टोबरच्या आधी संपवायचे, एकच ठेवायचा.

हिलकंट्री_टेक्सास

रॉलिन्सकाकांशी बहुतेक सहमत. कॅलिबरबाबत मात्र माझं मत .308. हे काडतूस 1952 पासून आहे, गावाकडच्या किराणा-कम-पेट्रोलपंपावरसुद्धा मिळतं. काडतुसांचा तुटवडा होता त्या वर्षी आमच्याकडे क्रीडमोरवाले मोकळे हात हलवत परतले, मी मारत राहिलो. सरावाची काडतुसंही स्वस्त पडतात. अर्थात आमच्याकडे व्हाइटटेल हरणं आणि रानडुकरं, ती 150 यार्डांच्या आत, मचाणावरून. लांब पल्ल्याचा माझा अनुभव नाही.

राधानगरीची_लेक

कुडाळकरदादा, मी मिनेसोटात असते. शिकारीला तीनच वर्षं झाली, पण त्याआधी कोल्हापूरला कॉलेजात चार वर्षं एअर रायफल मारली. 1 ऑगस्ट 2024 ला आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं तेव्हा मी इथे पहाटेपासून जागी होते. त्या प्रकाराचं नाव आठवायचं कारण आहे. त्यात गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून मारावं लागतं, आणि रानात तुम्हाला नेमकं तेच करावं लागणार आहे. रेंजवर मात्र सगळे बाकावर वाळूच्या पिशव्या ठेवून मारतात आणि एक इंचाचा गट (गोळ्यांच्या भोकांचा पसारा) बघून खूश होतात. बाक रानात येत नाही.

दोन गोष्टी सांगते. एक, दस्त्याची लांबी. रायफल खांद्याला लावून, डोळे मिटून गाल दस्त्यावर टेकवा आणि मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल चित्र दिसलं तर ती तुमची. काळी किनार दिसली, मान पुढे ताणावी लागली, तर नाही. मी पाच फूट एक इंच, मला नेहमीचा दस्ता लांब पडतो. रुगर अमेरिकनमध्ये आखूड दस्त्याची कॉम्पॅक्ट मिळते, ती घेतली आणि माझा गट निम्म्यावर आला. दुकानात हिवाळी जॅकेट घालून बघा, ऑक्टोबरात तेच अंगात असणार.

दुसरं, रोज संध्याकाळी दहा मिनिटं रिकाम्या रायफलीचा सराव. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, चेंबर डोळ्यांनी बघायचा, बोट घालून बघायचा. मग भिंतीवरच्या टिंबावर नेम धरून चाप हळू दाबायचा. चाप सुटण्याच्या क्षणी क्रॉसहेअर (स्कोपमधली फुली) टिंबावरून हललं का ते बघायचं, आणि चाप सुटल्यावरही एक श्वास तसंच थांबायचं. आमचे सर म्हणायचे, गोळी गेली तरी तू जाऊ नकोस. याला पैसे पडत नाहीत.

काका, तुम्ही त्या मादीचं लिहिलंत ते वाचून मी या सीझनला माझ्या स्कोपची ती उंच पुठ्ठ्याची तपासणी करणार आहे. मी कधीच केली नव्हती.

रॉलिन्सचा_वारा

हिलकंट्री, .308 ला माझी हरकत नाही. कोलोराडोत एल्कला किमान .24 कॅलिबर आणि 85 ग्रेनची गोळी लागते, दोन्ही काडतुसं त्याच्या कितीतरी वर आहेत. मी 6.5 म्हणतो ते धक्क्यासाठी. साडेसहा पौंडांच्या हलक्या रायफलीत .308 खांद्याला चांगली लागते, आणि नवा माणूस दहाव्या गोळीला चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो. एल्कला मात्र कुडाळकरांनी 6.5 ने 300 च्या आतच राहावं आणि खांद्याच्या जाड हाडावर मारू नये.

लेकी, दस्त्याचं लिहिलंस ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझी उंची सहा फूट, मला ती अडचण कधी आली नाही.

एच1बी_डेन्व्हर

एक भर घालतो, कारण हे वाचून कुणीतरी उद्या दुकानात जाईल. ग्रीन कार्डवाल्यांचं ठीक आहे. पण एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणंच मना आहे, मित्राची हातात घेणंसुद्धा त्यात येऊ शकतं. अपवाद वैध हंटिंग लायसन्सचा. ते चालू असेल तरच, म्हणून आधी लायसन्स, मग बाकी सगळं. व्हिसा पणाला लागतो, तेव्हा वकिलाला विचारून करा. आणि कोलोराडोत ऑक्टोबर 2023 पासून दुकानदाराने पार्श्वभूमीची तपासणी सुरू केल्यापासून किमान तीन दिवस थांबावं लागतं, रायफल त्याच दिवशी मिळत नाही.

कुडाळकर_फोर्टकॉलिन्स

सगळ्यांचे मनापासून आभार. दीड महिन्याने लिहितोय, कारण सांगण्यासारखं काही हातात यायला हवं होतं.

रुगर अमेरिकन 6.5 क्रीडमोर घेतली. ताईंनी सांगितलं तसं जॅकेट घालून, डोळे मिटून गाल टेकवला. दुकानातल्या मुलाने विचारलं काय करताय, मग त्यानेही करून बघितलं. स्कोप व्हीएक्स-फ्रीडम 3-9x40. टॉर्कचा पाना शेजाऱ्याकडून आणला.

उंच पुठ्ठ्याची तपासणी केली. ओळंबा घरी नव्हता, म्हणून दोरीला नट बांधला. टरेटच्या टोप्या काढून 20 एमओए वर घेतलं, गोळ्या 20 इंच आणि सहा दशांशावर लागल्या. परत खाली आणल्यावर तिन्ही पहिल्याच टिंबाभोवती. झिरो 200 वर केला. रोज रात्री मुलं झोपल्यावर रिकाम्या रायफलीचा सराव चालू आहे. पहिल्या आठवड्यात चाप सुटताना क्रॉसहेअर दर वेळी उजवीकडे खाली उडी मारायचं, आता दहातून दोनदा मारतं.

आता खरी गोष्ट. 200 यार्डांवर आठ इंची कागदी ताटल्या लावल्या. पाठपिशवीवर रायफल ठेवून, झोपून मारल्या तर दहापैकी दहा ताटलीत. बसून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून मारल्या तर दहापैकी पाच. उभ्याने मोजलंच नाही. काका, गवत उंच असेल आणि झोपून दिसणार नसेल तर काय करायचं?

रॉलिन्सचा_वारा

मग तुमचा झोपून पल्ला सध्या 200 च्या पुढे आहे, आणि बसून तो 200 नाही. ताटल्या 100 वर आणा आणि बसून मारा. दहापैकी दहा लागल्या की 125, मग 150. जिथे एक चुकेल त्याच्या अलीकडचा आकडा एका चिकटपट्टीवर लिहून दस्त्याला लावा. रानात छाती धडधडत असते तेव्हा डोक्यातला आकडा वाढतो, चिकटपट्टीवरचा वाढत नाही.

गवत उंच असेल तर शूटिंग स्टिक घ्या, दोन पायांची, बसलेल्या उंचीची. तीस-चाळीस डॉलर. बांबूच्या दोन काठ्यांना वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली तरी चालतं, मी अजून तीच वापरतो. ती घेऊन परत मोजा, तुमचे पाचाचे आठ होतील.

राहिलेल्या काडतुसांपैकी एक बॉक्स वाऱ्याच्या दिवसासाठी ठेवा. सप्टेंबरात दुपारी एकनंतर रेंजवर जा, जेव्हा झेंडा ताठ उभा असेल आणि बाकीचे सामान आवरत असतील.